मैदानाबाहेरचे तेरा फूट

देवीदास सोमकुवर म्हणजे तसा गरीब गाय माणूस. सौंसरात पाण्याच्या खात्यात रोजंदारीवर लागला त्याला बावीस वर्षं झाली होती. पहाटे उठायचं, सायकलच्या कॅरिअरला लोखंडी पाना बांधायचा आणि गल्लोगल्ली नळाचे व्हॉल खोलत फिरायचं. ज्या गल्लीत पाणी उशिरा येई तिथल्या बाया त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. हा खाली मान घालून "येऊन राहिलं बाई, येऊन राहिलं" एवढंच म्हणे. बायकोपुढं त्याचा आवाज निघत नसे, साहेबापुढं निघायचा तर सवालच नव्हता. पण वर्षातले चार दिवस असे होते, की त्या दिवसांत त्याच्याशी पंगा घ्यायची कोणाची छाती नव्हती. जानेवारीत शाळेमागच्या मैदानात कबड्डीचे सामने लागले, की देवीदासच्या अंगात दुसराच कोणी येई.

मैदान आखायचं काम त्याचं होतं. त्याला ते कोणी दिलं नव्हतं, त्यानंच धरलं होतं आणि मग सोडलं नाही. माती गाळायची, खडा वेचायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, दोरी ताणून चुन्याची फक्की मारायची. एवढं कोणीही करील म्हणा. देवीदासचं खरं काम मैदान संपलं की सुरू व्हायचं. शेवटची रेघ झाली की बाकीचे आखणारे हात झटकून चहाला जातात. हा तिथून पुढं टेपानं तेरा फूट मोजे आणि चारी बाजूंनी आणखी एक रेघ मारे. त्या रेघेचा खेळाशी काही संबंध नाही. पंच तिच्याकडं बघत नाही, गुण तिच्यावर ठरत नाहीत. तिच्या आत माणूस नको, मोटारसायकल नको, खुर्ची नको, फुटाण्याची गाडी नको, कुत्रंसुद्धा नको, एवढाच तिचा अर्थ.

नियमाच्या पुस्तकात चार मीटर मोकळी जागा सोडा असं लिहिलेलं आहे, ते खरं. पण पुस्तकातलं मैदानात आणतो कोण? लोकांना खेळाडूच्या घामाचे शिंतोडे अंगावर उडाल्याशिवाय सामना बघितल्यासारखं वाटत नाही. ते रेटत रेटत पार चुन्यावर येऊन बसतात. आणि मग देवीदास हातात कडुनिंबाची फोक घेऊन फिरे. "मांगं हो. मांगं हो म्हटलं न. तुह्या बापाचा ओटा आहे का हा?" ज्यांच्या गल्लीत तो सकाळी शिव्या खाई त्यांनाच तो संध्याकाळी असा हाकली. आणि तेही हसत हसत मागं सरत. सामना सुरू व्हायच्या आधी तो त्या तेरा फुटांतून अनवाणी चक्कर मारी, दोन्ही हात मागं बांधून, तळपायानं खडा चाचपत. पोरं म्हणत, देवीदासभाऊ मुंग्या मोजून राहिले.

त्याला कारण होतं. तीसेक वर्षांपूर्वी तो स्वतः खेळायचा, आणि चांगला खेळायचा. तिगावच्या एका सामन्यात पकडीतून निसटून बाहेर गेला तो थेट रेघेला खेटून उभ्या केलेल्या बैलगाडीच्या चाकावर आदळला. हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं हाड मोडलं, वाकडं जुळलं. डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. बैलगाडीवाल्यानं नंतर येऊन माफी मागितली, पण मोडलेला खेळ काही माफीनं जुळला नाही.

म्हणून त्यानं एक नाद लावून घेतला होता. गावातल्या पोरापोरींना तो पडायला शिकवी. "जिंकाले कोणीबी शिकवते," तो म्हणे, "पडाले कोणी शिकवत नाही. धक्का बसला की ताठ होऊन आडून नाही राहाचं. हात नाही टेकाचा. खांदा आत घ्याचा, अंग सैल सोडाचं अन् बाहेर लोळत जायचं. बाहेरची जागा माही आहे, तिथं तुमाले काही लागत नाही. थे मी पाहून घेतो."

आणि पोरांनाही ते पटलं होतं, कारण त्याच्या मैदानावर खरंच कोणाला काही लागत नसे.

सगळ्यांत जास्त पटलं होतं उर्वशीला. बोरगावच्या रघुनाथरावांची ही धाकटी. अकरा वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा आली, तेव्हा काडीसारखी होती. आता एकोणीसची झाली होती आणि तिची रेड बघायला पांढुर्ण्याहून लोक येत. रघुनाथराव संत्र्याचे बागायतदार. माणूस सरळ, पण शब्दाचा कडक. पोरीनं अर्ध्या चड्डीत चारचौघांत खेळावं हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. तरी आठ वर्षं ते गप्प राहिले आणि यंदा त्यांनी शेवटचं सांगून टाकलं. जिल्हा नवा झाला होता, नव्या जिल्ह्याचा मुलींचा संघ निवडायला या सामन्यांना निवड समितीचा माणूस येणार होता. त्यात नाव लागलं तर उर्वशीनं पुढं खेळायचं, शिबिराला जायचं, त्यातून कुठं नोकरी लागते का बघायचं. नाही लागलं तर फाल्गुनात लग्न. मुलगाही पाहून ठेवला होता.

"बाबा शब्द फिरवत नाही काका," उर्वशी देवीदासला म्हणाली होती. "इकडूनही नाही अन् तिकडूनही नाही. म्हून मले यंदा काही करून नाव लावाचंच आहे."

पहिले तीन दिवस तिनं मैदान अक्षरशः पेटवलं. एकेका रेडला दोन-दोन पोरी मारून येत होती. दोनदा पकडीतून सुटताना ती रेघेबाहेर फेकली गेली, आणि दोन्ही वेळा खांदा आत घेऊन तीन कोलांट्या लोळत जाऊन उठली, चड्डीची माती झटकली आणि हसली. देवीदास फोक खाली टेकून बघत राहिला. त्या वेळी त्याला वाटलं, आपल्या बावीस वर्षांच्या नळापाण्यापेक्षा हे काम जास्त कामाचं आहे.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी प्रफुल्ल आला. सामने भरवणाऱ्या मंडळाचा हा कर्ताधर्ता, वय पस्तीस, कामं ठेक्यानं घेणारा, जिभेवर साखर. त्याच्या मागं एका टेम्पोत दोन सोफे होते. पांढुर्ण्याच्या बिछायत केंद्रातून भाड्यानं आणलेले, सागवानी, कोरीव हातांचे, नवरा-नवरीला बसवतात तसले.

"देवीदासभाऊ, उद्या नगरपालिकेचे साहेब येऊन राहिले. बैठक इकडून लावा लागते," तो म्हणाला आणि मैदानाच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं.

"लावा न. रेघेच्या मांगं लावा, निंबाखाली."

"तिथून साहेबाले काय दिसन? समोर पब्लिक उभी राहते."

"मंग तिकडून लावा."

"तिकडून चार वाजताचं ऊन सिद्धं तोंडावर येते भाऊ."

"ऊन आलं त काय वितळते का थो?" देवीदास म्हणाला. ही त्या चार दिवसांची भाषा होती. एरवी साहेब हा शब्द ऐकूनच त्याची मान खाली गेली असती.

प्रफुल्ल रागावला नाही. त्याच्यासारखी माणसं रागवत नाहीत, तीच तर पंचाईत असते. त्यानं टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि देवीदासच्या खांद्यावर हात टाकून त्याला दोन पावलं बाजूला नेलं. देवीदासनं तोडगा काढून पाहिला. सगळं मैदानच थोडं उजवीकडं सरकवू, तो म्हणाला. पण उजवीकडं नाली होती, ती बुजवायला दोन ट्रॉली माती लागली असती, आणि आता संध्याकाळचे सहा वाजले होते. मग तो म्हणाला सोफे नको, खुर्च्या लावू, खुर्च्या पटकन उचलता येतात. प्रफुल्लनं हसून मान हलवली.

"भाऊ, तुमची स्थायीची फाईल कोणाच्या टेबलावर पडून आहे, ठाऊक आहे न?"

ठाऊक होतं. रोजंदारीच्या माणसाला कायम करायचा तो कागद अकरा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर हिंडून आता साहेबाच्या टेबलावर येऊन बसला होता.

"उद्या साहेब तीन घंटे इथंच बसून राहीन," प्रफुल्ल म्हणाला. "मी बाजूले. गोष्टीगोष्टीत तुमचं नाव टाकून देतो, हा पाहा म्हणतो, हाच थो माणूस, ज्यानं मैदान केलं. आता सोफाच नाही त मी बसू कुठं अन् बोलू कुठं? एका दिवसाचा त मामला आहे."

देवीदासचा पोरगा प्रतीक सत्तावीस वर्षांचा झाला होता. त्याला पाहायला येणारे लोक चहाचा कप हातात घेण्याआधी विचारत, वडील परमानेंट आहेत का? मागच्या दिवाळीपासून तीन ठिकाणाहून असे कप परत गेले होते. वत्सला, त्याची बायको, काही बोलत नसे. फक्त कप घासताना आदळत असे.

"किती पाहिजे?" शेवटी त्यानं विचारलं.

"सात-आठ फूट द्या."

"सात."

"सात त सात."

प्रफुल्लनं टेम्पो आत घ्यायला सांगितलं. देवीदासनं आपल्या चपला काढल्या आणि डाव्या अंगाची बाहेरची रेघ पायानं पुसायला लागला. ती पुसायला दुसरं कोणी आलंही असतं, पण त्याला ते बरं वाटलं नसतं. आपणच मारलेली रेघ आपणच पुसावी असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. मग त्यानं सहा फुटांवर नवी रेघ मारली. सरळ, दोरी लावून, चांगली जाड. तिच्या मागं सोफे लागले, सोफ्यांवर पांढऱ्या खोळी चढल्या. लांबून बघणाऱ्याला काही बदललं आहे असं वाटलंच नसतं. चुना होता, मोकळी जागा होती, सगळं जागच्या जागी होतं.

सकाळी उठल्यावर त्यानं पहिला विचार केला तो हाच, की पोरीला सांगून ठेवायचं. डावीकडून जागा कमी आहे, तिकडं लोळू नको. चार शब्दांचं काम.

दुपारी तो तिला गाठायला गेला तेव्हा ती निंबाखाली गुडघ्याला पट्टी बांधत होती. तिच्यापाशी रघुनाथराव उभे होते, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. आठ वर्षांत पहिल्यांदा ते तिचा खेळ बघायला आले होते. उर्वशीचा चेहरा असा फुलला होता की देवीदासच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

"या देवीदासभाऊ," रघुनाथराव म्हणाले. "पोरगी म्हणते, तुमी असल्यावर तिले लागत नाही. म्हटलं, पाहू त एक दिवस."

"काकाची रेघ आहे न बाबा," उर्वशी म्हणाली. "रेघ आहे त मले कायची भीती? आहे न काका?"

आता बोलायचं होतं. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? रेघ आहे पण तुझी नाही, सोफ्याची आहे? आणि ते तिच्या बापासमोर, जो आज पहिल्यांदा आला आहे आणि एवढ्यावरून पोरीचा हात धरून घरी घेऊन जाऊ शकतो? देवीदासला वाटलं, सांगितलं तर हिचा खेळ बिघडेल, मन रेघेत अडकेल. असं आपलं त्याला वाटलं. भ्यालेल्या माणसाला स्वतःला समजवायला कारणं कधी कमी पडत नाहीत.

"आहे," तो म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं.

साहेब साडेतीनला आले. हार झाले, नारळ झाला, दोन्ही संघांच्या पोरींशी हात मिळवून झाले. साहेब सोफ्यावर बसले, शेजारी निवड समितीचा माणूस बसला, आणि प्रफुल्ल ठरल्याप्रमाणे साहेबाच्या दुसऱ्या अंगाला. सामना पांढुर्ण्याच्या संघाशी होता, अटीतटीचा. देवीदास उजव्या अंगाला फोक घेऊन उभा होता. डाव्या अंगाला तो गेलाच नाही. एकदा प्रफुल्लनं साहेबाच्या कानाशी लागून त्याच्याकडं बोट दाखवलं, साहेबांनी मान हलवली, आणि देवीदासनं लांबूनच हात जोडले. त्याचा डावा हात नेहमीसारखा छातीच्या वर आला नाही.

शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा गुण बरोबरीत होते. उर्वशी रेडला गेली. डाव्या कोपऱ्यातल्या पोरीला तिनं पायानं शिवलं आणि मागं वळली, तेवढ्यात त्या पोरीनं तिची कंबर धरली. दुसरीही धावत आली. दोघींना अंगावर घेऊन उर्वशी लॉबीतून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या त्या अरुंद पट्ट्यातून, मधल्या रेघेकडं ओढत निघाली. सगळं मैदान उभं राहिलं. तिनं हात लांब केला, बोटं मधल्या रेघेला लागली, पंचानं शिट्टी मारली. गुण मिळाला होता. पण दोघींचा रेटा थांबला नव्हता, त्या रेट्यानं ती बाहेर उडाली.

ती आडली नाही. तिनं हात टेकला नाही. तिनं खांदा आत घेतला, अंग सैल सोडलं आणि लोळत गेली. आठ वर्षांत शिकली होती तशी, तीन दिवस करून आली होती तशी. पहिली कोलांटी, दुसरी कोलांटी. तिसरीला जागाच नव्हती. साहेबांनी पाय वर घेतले. तिची पाठ सोफ्याच्या सागवानी कोपऱ्यावर बसली, आणि त्याचा जो आवाज झाला तो पलीकडं उभ्या देवीदासला ऐकू आला.

तो धावला. मैदान तुडवत, सगळ्या रेघा तुडवत धावला. उर्वशी आभाळाकडं बघत पडली होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. देवीदास तिच्यापाशी गुडघे टेकून बसला, तशी तिनं त्याच्याकडं बघितलं.

"काका, मले पाय समजून नाही राहिले," ती म्हणाली.

तिला गाडीत घालून नागपूरला नेलं. ऑपरेशन झालं, दीड महिना दवाखाना झाला. मणका गेला होता. कमरेच्या वर सगळं शाबूत, कमरेच्या खाली काही नाही. डॉक्टरांनी रघुनाथरावांना स्पष्ट सांगितलं की आता यात फरक पडायचा नाही. निवड समितीची यादी फेब्रुवारीत लागली, त्यात तिचं नाव वरून पहिलं होतं. ते नाव खोडायलाही कोणाला सुचलं नव्हतं.

गावात लोक हळहळले. चहाच्या टपरीवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. खेळात होते असं, म्हणाले. नशीब, म्हणाले. पोरीच्या जातीनं एवढं अंगावर घ्यायला नको होतं, असंही दोघा-तिघांनी म्हणून घेतलं. पण सोफे कोणी म्हणालं नाही. ते सोफे पोरीला उचलल्यावर पंधरा मिनिटांत टेम्पोत चढले होते. देवीदास रोज वाट बघे. आज कोणीतरी विचारेल, देवीदासभाऊ, तुमची तेरा फुटाची रेघ त्या दिवशी कुठं गेली होती? विचारलं असतं तर त्यानं सांगून टाकलं असतं, त्याचं ठरलं होतं. पण उलट लोक त्याच्याच पाठीवर हात ठेवत. "तुमी त मैदान चांगलं केलं होतं भाऊ, तुमी काय करान?" अशा वेळी देवीदासला वाटे, यापेक्षा दोन जोडे मारले असते तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये फाईल हलली. प्रफुल्ल स्वतः घरी कागद घेऊन आला. स्थायीकर्मी, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली साहेबाची सही. "साहेबानं शब्द पाळला," प्रफुल्ल म्हणाला. "त्यायचं एकच म्हणणं आहे, झालं थे लई वाईट झालं, आता उगाच उकरून काढाले नको." देवीदासनं कागद घेतला. परत करायला पाहिजे होता का? पाहिजे होता. पण बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो कागद हातात आल्यावर हात आपोआप मिटतो. वत्सलानं गल्लीत पेढे वाटले. पंधरा दिवसांत प्रतीकचं जमलं.

पेढे वाटून झाल्यावर त्यानं वत्सलाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"तुमी नाही म्हटलं असतं तरी सोफे लागलेच असते," ती म्हणाली.

"पण रेघ मी मारली न. तिनं रेघ पाहिली, म्हून लोळली थे."

"मंग आता सांगून काय त्या पोरीचे पाय येतेत?"

"नाही येत. पण तिले माहीत त पाहिजे, का तिच्या पाठीत काय घुसलं."

वत्सला म्हणाली, "पाहा बाप्पा तुमाले काय करायचं थे," आणि सूप घेऊन आत गेली.

एप्रिलच्या एका रविवारी तो एक खरबूज घेऊन बोरगावला गेला. बसमध्ये त्यानं मनातल्या मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. पोरी, डावीकडची जागा सहाच फूट होती, सोफ्यासाठी मी सात फूट देऊन टाकली होती, अन् तुले सांगतलं नाही. एवढंच. बाकी काही जोडायचं नाही, माफीसुद्धा मागायची नाही, कारण माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते.

रघुनाथराव पडवीत बसले होते. तीन महिन्यांत म्हातारे झाले होते. "बरं झालं आले," ते म्हणाले. "मीच तुमच्याकडं येणार होतो. पोरगी एकच गोष्ट धरून बसली आहे. दिवस नाही, रात नाही. मी म्हणतो नशीब, तिले थे पटत नाही. तुमी तिचे गुरू. तुमीच काय थे सांगा."

आत संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या एका बाजूला रचून खाट टाकलेली होती. उर्वशी उशांना टेकून बसली होती. दंड आणखी भरले होते, कारण सगळं अंग आता हातांनीच ओढायचं होतं. पायांवर चादर होती. देवीदास स्टुलावर टेकला, खरबूज कुठं ठेवावं ते न सुचून मांडीवरच घेऊन बसला.

"काका," ती म्हणाली, "मी तुमचीच वाट पाहून राहिली होती. मले एक सांगा. खरं सांगाचं. माहं चुकलं कुठं?"

"चुकलं?"

"लोळाले. मी रोज डोळे मिटून पुन्हा पुन्हा पाहते. धक्का बसला, मी आडली नाही. हात टेकला नाही. अंग सैल होतं. मंग कसं लागलं? दुसऱ्या दिवशी पडली तवा तीन वेळा लोळली, काही नाही झालं. त्या दिवशी दोनदाच लोळली अन् लागलं. म्हंजे मी तिरपी गेली का? खांद्याचंच काही चुकलं न?"

देवीदासनं तोंड उघडलं. "पोरी, थे जागा—"

"जागा त होती काका," ती लगेच म्हणाली. "बाबाही तेच म्हणतेत, सोफे जवळ असतीन. पण मी रेडला जायच्या आधी पाहिलं होतं. तुमची रेघ होती. सोफे रेघेच्या मांगंच होते. तुमच्या रेघेच्या आत कोणी येत नाही, थे मले पक्कं माहीत आहे. म्हून त म्हणते, माहंच काहीतरी चुकलं."

रघुनाथराव दारात चहाचे कप घेऊन उभे होते. ते देवीदासकडं बघत होते. उर्वशीही बघत होती. देवीदासच्या मनात बसमध्ये जुळवलेलं वाक्य तसंच्या तसं होतं, एक शब्द हललेला नव्हता. रेघ सहा फुटांवर होती, एवढं म्हटलं की झालं. मग रघुनाथराव विचारतील, काहून? मग विचारतील, कोणासाठी? मग विचारतील, तुम्हाला काय भेटलं? आणि त्या सगळ्याचं उत्तर त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं, नवं कोरं ओळखपत्र, फोटोसकट. पुढच्या महिन्यात प्रतीकचं लग्न होतं. ही पोरगी त्याच्याकडं अशा विश्वासानं बघत होती, की जगात आता तिच्याकडं तेवढं एकच धड उरलं होतं. तेही आपणच मोडायचं का, असं त्याला वाटलं. पण हेही कारणच होतं, आणि ते कारण आहे हे त्याला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. तो पाचावर धारण बसलेला एक भेकड माणूस होता, आणि तो खाली खरबुजाकडं बघत बोलला.

"खांदा," तो म्हणाला. "खांदा जरा उशिरा घेतला तू आत."

उर्वशीनं मोठा श्वास सोडला.

"वाटलंच मले," ती म्हणाली आणि बापाकडं वळली. "ऐकलं न बाबा? नशीब-गिशीब काही नाही. माही चूक होती."

रघुनाथरावांनी मान हलवली. चहा त्यांनी पेटीवर ठेवला. पोरगी किती महिन्यांनी नीट बोलली म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी देवीदासच्या खांद्यावर हात ठेवला. देवीदासला तो हात झटकताही येईना आणि सोसवतही नव्हता.

उर्वशी दोन्ही हातांनी खाटेच्या कडेची पाटी धरून पुढं सरली. तिनं उजवा खांदा छातीकडं वळवला, हनुवटी खाली घेतली.

"असा पाहिजे होता न?"

"आणखी थोडा आत," देवीदास म्हणाला.

"असा?"

"हो," तो म्हणाला. "असा."